लाकडात मुरलेले पाणी

तामिळनाडूतील कुंभकोणम हे नगर कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेले आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १७९९ पर्यंत हा मुलूख तंजावरच्या मराठी राजांच्या अमलाखाली होता, त्यामुळे त्याचे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. येथून पूर्वेकडे सुमारे ५० किलोमीटर गेले की भातशेतीचा सपाट प्रदेश संपतो आणि कारैकल, तरंगमबाडी यांचा वाळूचा किनारा लागतो. या किनाऱ्यावर शतकानुशतके एक नवलाचे दृश्य पाहावयास मिळत असे. पहाटे समुद्रावर गेलेला मच्छीमार परत येई, लाटेच्या जोराने आपली नाव वाळूवर चढवी, मासे उतरवी, आणि मग ती नाव चक्क सोडून टाकी. दोर सुटत, ओंडके एकमेकांपासून वेगळे होत व वाळूवर उन्हावाऱ्यात पडून राहत. पुन्हा समुद्रावर जावयाच्या वेळी तेच ओंडके बांधून नाव तयार होई.

या नावेस कट्टुमरम म्हणतात. तामिळ भाषेत ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. इंग्रजीतील कॅटमरान हा शब्द यावरूनच गेला. ओंडके हलक्या, मऊ लाकडाचे असतात. असे लाकूड पाणी फार लवकर पिते आणि जड झालेला ओंडका तरंगण्यास नाखूष असतो. तो दररोज वाळविला नाही तर थोड्याच दिवसांत नाव पाण्याखाली बसू लागेल, हे मच्छीमाराने अनुभवाने जाणले होते. नाव सोडण्यामागे आळस नव्हता, कौतुकही नव्हते. लाकडात मुरलेले पाणी बाहेर काढण्याचा तो सर्वांत साधा उपाय होता.

पण प्रत्येक नाव अशी सोडता येत नाही. कोकणातील होडी किंवा मचवा हा फळ्या, वाक आणि खिळे यांनी कायमचा जोडलेला असतो. त्यातही ज्या होड्यांना मागच्या टोकाला मोटार टांगलेली असते, त्यांच्या पिछाडीस एक सपाट, उभी, जाड लाकडी भिंत असते. नौकाबांधणीत हिला ट्रान्सम म्हणतात. येथे तिला पिछाडीची फळी म्हणू. होडीच्या सर्व अवयवांत हिची स्थिती सर्वांत कठीण असते. तीस-चाळीस किलो वजनाची मोटार तिच्यावर लटकते, मोटारीचा रेटा आणि तिची थरथर तीच सोसते, तिच्यात बोल्टांसाठी आरपार भोके पाडलेली असतात, आणि बाजूच्या फळ्यांची टोके येऊन तिलाच मिळतात. ही फळी पाणी पिऊन सडली आणि भर समुद्रात बोल्टांनी जागा सोडली, तर मोटार तळाशी जाते आणि मागून पाणी आत शिरते. किनाऱ्यावर दुर्लक्षिलेल्या भोकाची किंमत तेथे चुकवावी लागते.

कावेरीच्या मुखाजवळच्या किनाऱ्यालाही हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तेथील असंख्य कट्टुमरम नष्ट झाल्या आणि त्यांच्या जागी बहुतांशी फायबरच्या होड्या आल्या. फायबर पाणी पीत नाही हे खरे. परंतु जगभरच्या अशा होड्यांत मोटार टांगावयाच्या ठिकाणी बळकटीसाठी पुष्कळदा लाकूड किंवा प्लायवूड फायबरच्या दोन थरांमध्ये कोंडलेले असते. एखाद्या सैल स्क्रूच्या भोकातून तेथे पाणी शिरले की ते बाहेर पडण्यास वाट उरत नाही. कट्टुमरमचा ओंडका निदान उघडा तरी होता.

ओले लाकूड म्हणजे नेमके काय, हे पाहिल्यावाचून ते वाळवावे कसे हे कळणार नाही. लाकूड हा पोकळ, लांबट पेशींचा जुडगा होय. त्यात पाणी दोन ठिकाणी राहते. काही पाणी पेशींच्या पोकळीत, भांड्यात भरल्यासारखे असते. हे मोकळे पाणी. दुसरे पाणी पेशींच्या भिंतीतच, तिच्या द्रव्याला चिकटून असते; हे बद्ध पाणी. लाकूड सुकू लागले म्हणजे प्रथम मोकळे पाणी जाते. त्यामुळे लाकूड हलके होते, पण त्याच्या आकारात फरक पडत नाही. सर्व मोकळे पाणी गेले आणि भिंती मात्र अजून पुरत्या भिजलेल्या आहेत, अशी एक अवस्था येते. तिला तंतुसंपृक्तता बिंदू म्हणतात. बहुतेक लाकडांत तो कोरड्या लाकडाच्या वजनाच्या २५ ते ३० टक्के पाणी असताना येतो. त्याच्या खाली उतरू लागले की बद्ध पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसू लागते.

ही गोष्ट साधी असली तरी तिच्यामुळे पुष्कळांची फसगत होते. होडी किनाऱ्यावर ओढून घेतल्यावर पहिल्या आठवड्यात फळी झपाट्याने हलकी होते, तिचा पृष्ठभाग कोरडा दिसू लागतो, आणि कोठेही तडा नसतो. मालकास वाटते, काम झाले. वस्तुतः काम आता सुरू होणार असते. बद्ध पाणी बाहेर पडण्याचा वेग फार मंद असतो, आणि तो फळीच्या जाडीवर विलक्षण अवलंबून असतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट नव्हे, सुमारे चौपट लागतो. दोन सेंटिमीटर जाडीची फळी जर तीन आठवड्यांत वाळत असेल, तर तशाच हवेत चार सेंटिमीटरच्या फळीस तीन महिने हवेत.

आकसणेही सर्व दिशांना सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते नगण्य असते. वर्षवलयांच्या अनुरोधाने ते सर्वांत जास्त, आणि वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने त्याच्या सुमारे निम्मे असते. साग हे या बाबतीत अत्यंत सभ्य लाकूड समजले जाते. तरीही वलयांच्या अनुरोधाने कापलेली २५ सेंटिमीटर रुंदीची सागाची फळी ३० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली, तर तिची रुंदी अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक कमी होते. उन्हात ठेवलेल्या फळीचे वरचे कातडे आधी आकसते, आतील गाभा फुगलेलाच राहतो, आणि कातडे फाटते. म्हणूनच ओली फळी कधीही थेट उन्हात वाळवू नये. सावली आणि वारा, एवढेच तिला पाहिजे.

सागाचे नाव निघाले म्हणून एक उदाहरण देणे योग्य होईल. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून ‘ट्रिंकोमाली’ नावाची युद्धनौका पाण्यात उतरली. वाडिया घराण्याचे जमशेटजी बमनजी यांनी ती मलबारी सागात बांधली होती. दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला; इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही पाण्यावर तरंगत आहे. तिची मोठी दुरुस्ती २००१ साली पुरी झाली. सागात स्वाभाविक तेलकट द्रव्ये असतात, त्यांचा बुरशीला व किड्यांना उपद्रव होतो. तथापि साग आज महाग आहे, आणि लहान होड्यांच्या पिछाडीस पुष्कळदा हाती येईल ते लाकूड बसविले जाते. अशा लाकडाची काळजी अधिक घ्यावी लागते.

ओलाव्याचा खरा शत्रुपक्ष म्हणजे बुरशी. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस पाणी पाहिजे, तशीच हवाही पाहिजे. म्हणून पूर्णपणे पाण्यात बुडालेले लाकूड सहसा कुजत नाही. त्याला समुद्रात कोरणारे किडे खातात, ती गोष्ट निराळी. कुजते ते पाण्याच्या रेषेवरचे, अर्धवट ओले लाकूड. त्यातही खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक घातक, कारण मीठ बुरशीला मानवत नाही. पिछाडीच्या फळीचा वरचा काठ, जेथे पावसाचे पाणी साचते आणि लाटा क्वचितच पोचतात, तो बहुधा आधी जातो. लाकडातील पाणी २० टक्क्यांच्या खाली ठेवले तर बुरशी वाढू शकत नाही, हा व्यवहारातील सर्वमान्य नियम आहे. मात्र वाळविल्याने बुरशी मरतेच असे नाही. ती वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकते आणि पाणी मिळताच पुन्हा उठते. यास्तव मऊ पडलेला, पटाशीच्या टोकाने सहज उकरला जाणारा भाग वाळवीत बसण्यात अर्थ नाही. तो चांगले लाकूड लागेपर्यंत कापूनच काढला पाहिजे. लाकडी मोगरीने फळीवर ठोकत गेले तर निरोगी भाग खणखणीत आवाज देतो आणि कुजका भाग बद्द वाजतो.

खिळ्यांच्या भोवतालची जागाही नीट तपासावी लागते. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या लाकडात लोखंड आणि तांबे ही दोन्ही असली तर तेथे विजेचा एक सूक्ष्म घट तयार होतो. त्याच्या एका टोकास क्षार निर्माण होऊन लाकूड लिबलिबीत होते. दुसऱ्या टोकास लोखंड गंजून तंतू ठिसूळ करते. खिळा दिसावयास धड असतो, त्याला धरून ठेवणारे लाकूड मात्र राहिलेले नसते.

आता वाळविण्याकडे वळू. पहिली पायरी वाचकास विपरीत वाटेल: फळी वाळविण्यापूर्वी ती गोड्या पाण्याने चांगली धुवावी. समुद्राचे पाणी सुकले तरी मीठ लाकडातच राहते. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून विरघळू लागते, आणि समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलसर राहतात. खारावलेली फळी किनाऱ्यावरच्या हवेत कधीच पुरी वाळत नाही. दोन-तीन वेळा धुतल्याने वरच्या थरातील बरेचसे मीठ निघून जाते. यानंतर मोटार, चकत्या, कड्या, रंग, जुनी लांबी, सर्व काढून टाकावे. रंगाचा थर राखून फळी वाळविणे म्हणजे बुचाने बंद केलेली बाटली उन्हात ठेवण्यासारखे आहे. फायबरच्या होडीत आतील बाजूचा थर कापून लाकूड उघडे केल्यावाचून गत्यंतर नसते. बाहेरून चार भोके पाडून ‘पाणी गळून जाईल’ अशी आशा करणे व्यर्थ होय, कारण गळून जाते ते फक्त मोकळे पाणी.

फळीच्या आडव्या कापावर, म्हणजे जेथे पेशींची तोंडे उघडी पडतात तेथे, पाण्याची ये-जा बाजूच्या पृष्ठभागाच्या मानाने दहा-पंधरा पट वेगाने होते. पाणी आत शिरले ते बहुधा याच दाराने. वाळतानाही टोके आधी आकसून उकलतात. म्हणून जाड फळीच्या टोकांना तेवढ्यापुरते मेण किंवा रंग लावून ठेवण्याची सुताराची जुनी पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे.

फळी किती वाळली हे कसे कळावे? विजेवर चालणारे आर्द्रतामापक बाजारात मिळतात, पण ते लाकडाची विद्युत्‌वाहकता मोजतात, आणि मीठ असले की वाहकता वाढून ते खोटा आकडा दाखवितात. वजनकाटा खोटे बोलत नाही. फळीतून कापून काढलेल्या चांगल्या लाकडाचा एक तुकडा ताबडतोब तोलावा. समजा तो ९० ग्रॅम भरला. शाळेच्या प्रयोगशाळेतील भट्टीत १०३ अंश सेल्सियसवर, वजन स्थिर होईपर्यंत, तो तापवावा; समजा आता ६० ग्रॅम उरले. गेलेले पाणी ३० ग्रॅम, आणि ते कोरड्या वजनाच्या निम्मे. म्हणजे आर्द्रता ५० टक्के. दुसरा तसाच तुकडा फळीजवळ टांगून दर आठवड्यास तोलला तर फळीच्या प्रगतीचा अंदाज येतो. तुकडा लहान असल्यामुळे तो फळीच्या आधी वाळतो, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

वजन कोठेतरी थांबते, शून्यावर नव्हे. लाकूड भोवतालच्या हवेशी समतोल साधते. ३० अंशांच्या सुमारास हवेची आर्द्रता ९० टक्के असेल तर लाकडात सुमारे २० टक्के पाणी राहतेच. ८० टक्के असेल तर सुमारे १६, आणि ६० टक्के असेल तर सुमारे ११. यापलीकडे कितीही दिवस थांबले तरी उपयोग नाही.

येथे दोन किनाऱ्यांचे नशीब वेगळे होते. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते ती १५ एप्रिलपासून १४ जूनपर्यंत. महाराष्ट्रात ती १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत. दोन्हीकडे दिवस ६१ च. परंतु कावेरीच्या मुखाकडील नौका किनाऱ्याला लागते ती ऐन ग्रीष्मात, अग्निनक्षत्राच्या दिवसांत. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. तेथे धास्ती असते ती लाकूड फार वेगाने वाळून तडकण्याची. कोकणातील कोळी मात्र आपली होडी शाकारतो ती मृगाच्या तोंडावर. झापांखाली आणि ताडपत्रीखाली ती दोन महिने ज्या हवेत उभी असते, तिची आर्द्रता ८५ ते ९० टक्के. अशा हवेत पिछाडीची फळी १८ किंवा २० टक्क्यांच्या खाली उतरणे अशक्य आहे. होडी विश्रांती घेते, वाळत नाही. नारळी पौर्णिमेच्या घाईत अशा फळीवर चकचकीत रंग चढविला जातो, आणि आतले पाणी पुढील हंगामभर आतच काम करीत राहते.

यास उपाय आहे, आणि तो भौतिकशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातच आहे. हवा तापविली की तिची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढते. २८ अंशांची, ८८ टक्के आर्द्रतेची पावसाळी हवा १० अंशांनी तापविली, तर पाण्याचा एक थेंबही न काढता तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५० टक्क्यांवर येते. सबंध होडी तापविण्याची गरज नाही. पिछाडीभोवती ताडपत्रीचा लहानसा तंबू करून, खाली मंद उष्णता देणारे साधन आणि वर ओलसर हवा निघून जाण्यास फट ठेवली की पुरते. फट विसरली तर तंबूत वाफ कोंडून सर्व परिश्रम वाया जातात. उघडी ज्योत अर्थातच वर्ज्य. पूर्वीच्या शिडांच्या काळात जहाजाचा तळ कोरडा करण्यासाठी व त्यावरील जीव मारण्यासाठी खाली गवत पेटवीत असत. त्यात किती जहाजे वाचली आणि किती जळाली, याचा हिशेब करण्याचे कारण नाही. ज्यास हे जमण्यासारखे नसेल त्याने पिछाडीचे काम बंदीच्या काळावर न टाकता एप्रिल-मे महिन्यांत उरकावे. त्यात ऐन कमाईचे काही दिवस बुडतात, हे खरे. हा सौदा प्रत्येकाला परवडतोच असे नाही.

फार काळ पाण्यात राहून ज्याच्या पेशींच्या भिंतीच झिजल्या आहेत, असे लाकूड वाळविणे ही स्वतंत्र विद्या आहे. स्वीडनचे ‘वासा’ जहाज १६२८ साली बुडाले व १९६१ साली वर काढले गेले. ते नुसते सुकू दिले असते तर त्याच्या फळ्या आकसून वेड्यावाकड्या झाल्या असत्या. म्हणून १९६२ पासून सतरा वर्षे त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या द्रव्याचा फवारा मारून पाण्याची जागा त्याने भरून काढण्यात आली. होडीच्या फळीस असले लाड परवडणारे नाहीत. ती त्या थरास गेली असेल तर नवी घालावी.

नव्या फळीबाबत भारतीय विज्ञानाची एक देणगी सांगितली पाहिजे. १९३३ साली डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशन यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे ‘एस्क्यू’ नावाचे मिश्रण सिद्ध केले. तांबे बुरशीस मारते, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडात पक्के जखडून ठेवते. जगभर कोट्यवधी खांब व फळ्या या पद्धतीने टिकल्या. आर्सेनिकच्या विषारीपणामुळे आता अनेक देशांनी तिच्या वापरावर मर्यादा घातल्या आहेत. शिवाय हे द्रावण दाबाखाली लाकडात मुरवावे लागते. जुन्या, जागेवरच असलेल्या फळीस ते कुंचल्याने फासून तोच गुण येईल अशी अपेक्षा करू नये.

फळी वाळली की ती पुन्हा बंद करणे आले. येथे दोन वाटा आहेत. कोकणची जुनी वाट तेलाची: काजूच्या टरफलांचे तेल, मुशीच्या यकृताचे तेल, त्यावर राळ किंवा डांबर. तेल लाकडात शिरते, पाण्याचा प्रवेश मंद करते, परंतु दार अगदी लावून घेत नाही. त्यामुळे आत राहिलेले थोडे पाणी हळूहळू निघून जाऊ शकते. नवी वाट एपॉक्सीची. ती दार पुरते बंद करते; म्हणूनच तिच्याआधी लाकूड सुमारे १२ ते १५ टक्क्यांपर्यंत खाली आलेले असावे लागते. ओल्या लाकडावर ती नीट धरत नाही, आणि धरली तर पाणी आत डांबून ठेवते. जुलैमध्ये, तंबूवाचून, कोकणच्या किनाऱ्यावर एपॉक्सी लावणाऱ्याने पैसे समुद्रातच टाकले असे समजावे. तेलाची वाट दरवर्षी चालावी लागते, पण ती चुकीला क्षमा करते. गरीब मच्छीमाराने तिला अजून धरून ठेवले आहे, त्यात पुराणप्रियतेपेक्षा शहाणपणा अधिक आहे.

कोणतीही वाट धरली तरी सर्वांत जास्त लक्ष द्यावयाचे ते आडव्या कापांकडे आणि भोकांकडे. रुंद पृष्ठभागावर एक हात पुरत असेल तर कापांवर तीन द्यावेत, कारण ते पहिला हात पाहता पाहता पिऊन टाकतात. बोल्टाचे भोक आधी गिरमिटाने मोठे करावे, ते राळेने अथवा एपॉक्सीने गच्च भरावे, आणि ते घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टापुरते नवे भोक पाडावे. मग बोल्टाचा स्पर्श लाकडाशी होतच नाही. चकतीखाली लवचीक लांबीचा थर द्यावा. फळीच्या दोन्ही अंगांना सारखेच हात द्यावेत. एकच बाजू बंद केली तर दुसरी बाजू हवेबरोबर फुगत-आकसत राहून फळी बाक घेते.

सांध्यांत सुती वात किंवा काथ्या छिनीने ठोकून बसवितात आणि वर लांबी किंवा राळ भरतात. वाळलेल्या फळ्यांमधील फट रुंद दिसते आणि ती गच्च भरण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पाण्यात गेल्यावर फळ्या पुन्हा फुगतात. त्यांना जागाच ठेवली नाही तर त्या खिळे उपटतात किंवा वाक फोडतात. फुगणाऱ्या लाकडाचा जोर प्रचंड असतो. प्राचीन काळी दगड फोडण्यासाठी लाकडी पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतीत, यावरून त्याची कल्पना येईल.

यामुळे नीट दुरुस्त केलेली होडी पाण्यात उतरविल्यावर पहिला एक-दोन दिवस सांध्यांतून थोडे पाणी झिरपते, आणि ते उपसण्यास माणूस ठेवावा लागतो. फळ्या फुगून एकमेकींना भिडल्या की ते आपोआप थांबते. मोटार यानंतरच टांगतात, आणि आठ-दहा दिवसांनी तिचे बोल्ट पुन्हा एकदा हाताने तपासतात. एखादी चकती सैल झालेली आढळली, तर बोल्ट नुसता पिळून चालत नाही. तो काढून, खालची लांबी नवी भरून, मगच पुन्हा आवळतात.